किनाऱ्यावरचे वॉकीटॉकी सामायिक डिजिटल नेटवर्कवर नेताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

जीवरक्षक नेमणाऱ्या ग्रामपंचायती, जलक्रीडा व्यावसायिक आणि किनाऱ्यालगतची रिसॉर्ट्स चालवणारे आमचे ग्राहक, या सर्वांसाठी हे पत्रक आहे. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की सेट बदलायला निवांत वेळ मिळतो. त्याआधी काय बदलणार, काय तसंच राहणार आणि तुमच्या माणसांना कोणत्या नव्या सवयी लागतील, हे सविस्तर सांगत आहोत.

आज अडचण कुठे आहे

बहुतेक किनाऱ्यांवर आज जीवरक्षक एका चॅनलवर बोलतात, पॅरासेलिंगची बोट दुसऱ्या आणि रिसॉर्टचे सुरक्षारक्षक तिसऱ्या. ओहोटीच्या ओढीत कोणी सापडलं की जीवरक्षक आपल्या चॅनलवर हाक देतो. सर्वात जवळ असलेल्या जेट स्कीवाल्याला ती ऐकूच येत नाही. मग शिट्ट्या, हातवारे, वाळूतून धावत जाणं. बुडणाऱ्याच्या हाती काही मिनिटंच असतात आणि ती अशी वाया जातात. सामायिक नेटवर्क घ्यायचं ते मुख्यतः यासाठी. आवाज स्वच्छ येतो हेही खरं, पण नुसत्या स्वच्छ आवाजासाठी आम्ही कोणाला खर्च करायला सांगणार नाही.

‘मोबाईल आहे की सगळ्यांकडे’ असं बरेच जण म्हणतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर धडकलं, त्यानंतर कित्येक गावांत वीज आणि मोबाईल दोन्ही अनेक दिवस बंद होते. एरवीसुद्धा जोडून सुट्ट्या आल्या की किनाऱ्यावर मोबाईलला रेंज दिसते आणि फोन लागत नाही. शिवाय फोनवर एका वेळी एकालाच सांगता येतं. वॉकीटॉकीचं बटण दाबलं की गटातल्या सगळ्यांच्या कानावर पडतं.

नेटवर्क चालतं कसं

कोकणच्या किनाऱ्याची अडचण म्हणजे समुद्रात उतरलेल्या डोंगराच्या सोंडा. गणपतीपुळ्याहून आरे-वारेला हातातल्या सेटवरून थेट बोलायला गेलं तर मधला डोंगर आवाज अडवतो. म्हणून रिपीटर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावर, बसवतात. तो तुमचा आवाज घेतो आणि जास्त ताकदीने, उंचावरून पुन्हा सोडतो. उंचीचा फरक किती पडतो पाहा. ४ मीटर उंच टॉवरवरच्या अँटेनाचं क्षितिज, म्हणजे रेडिओलहरी थेट पोचण्याची हद्द, सपाट समुद्रावर साधारण ८ किलोमीटर असतं, समुद्रसपाटीपासून १०० मीटरवरच्या अँटेनाचं साधारण ४१. हे कागदावरचे आकडे झाले. कमरेला लावलेला सेट, मध्ये येणारं माणसाचं अंग, दगडी कातळ यांनी प्रत्यक्षात ते बरेच कमी होतात. म्हणूनच आम्ही तुमच्या किनाऱ्यावर भरतीला आणि ओहोटीला चालत जाऊन चाचणी घेतल्याशिवाय व्याप्तीचा शब्द देत नाही.

डीएमआर (डिजिटल मोबाईल रेडिओ) पद्धतीत १२.५ किलोहर्ट्झचं एकच चॅनल ३०-३० मिलिसेकंदांच्या दोन पाळ्यांमध्ये वाटलं जातं, त्यामुळे एका फ्रिक्वेन्सीवर दोन संभाषणं चालतात. सेट अर्धाच वेळ प्रक्षेपण करतो, म्हणून बॅटरीही जास्त टिकते. कोणाला कोणती पाळी, म्हणजे बोलण्याची जागा, द्यायची ते यंत्रणाच ठरवते. तुम्हाला फक्त गट निवडायचा. रोजच्या कामाचं बोलणं तुमच्या स्वतःच्या गटावर राहील, शेजारच्या व्यावसायिकाला ते ऐकू जाणार नाही. आपत्कालीन गट मात्र सगळ्यांचा एकच. सेटवरचं नारिंगी बटण दाबलं की हाक त्या गटावर जाते, इतर बोलण्याच्या आधी तिला जागा मिळते आणि कोणत्या सेटवरून आली ते सर्वांच्या पडद्यावर दिसतं.

फिनलंडमध्ये पोलीस, अग्निशमन, रुग्णसेवा आणि समुद्रावर जाणारे स्वयंसेवक बचावपथक ‘विर्वे’ नावाचं एकच नेटवर्क वापरतात. आपला व्याप त्यामानाने फार लहान आहे, पण तत्त्व तेच.

जीवरक्षकांना या सवयी लावाच

सर्वात महत्त्वाची सवय: बटण दाबा, ‘टुक’ असा आवाज येऊ द्या, मगच बोला. जुन्या सेटवर बटण दाबताक्षणी बोलणं जायचं. इथे जागा मिळायला क्षणभर लागतो. घाईत बोललात तर पहिला शब्द कापला जातो, आणि पहिला शब्द बहुधा जागेचा असतो. ‘उत्तरेचा टॉवर, दोघं ओढीत’ यातलं ‘उत्तरेचा’ गेलं की मदत भलतीकडे धावते.

पूर्वी दोघांनी एकदम बटण दाबलं की नुसती शिट्टी ऐकू यायची आणि दोघांचंही बोलणं फुकट जायचं. आता दुसऱ्याला ‘व्यस्त’ असा सूर मिळतो. तो ऐकला की थांबायचं, बटण दाबून धरायचं नाही.

वाऱ्याकडे पाठ करून, सेट तोंडापासून चार बोटं दूर धरून, नेहमीच्या आवाजात बोला. ओरडल्याने आणि इंजिनाच्या घरघरीने डिजिटल आवाज फाटतो, शब्द कळत नाहीत.

जे डिजिटलने होणार नाही

जुन्या सेटवर लांब गेलं की खरखर वाढायची, आणि रेंज संपत आल्याचं त्या खरखरीवरूनच कळायचं. डिजिटलमध्ये आवाज शेवटपर्यंत स्वच्छ असतो आणि मग एकदम तुटतो. बोटीवर असाल तर ही गोष्ट धोक्याची आहे. त्यामुळे प्रत्येक सेटवर गोल बटणाची शेवटची खूण रिपीटरशिवाय सेट-ते-सेट बोलण्यासाठी आम्ही राखून ठेवतो. रिपीटर बंद पडला तरी एका किनाऱ्यावरची माणसं तिथे बोलू शकतात. कृपया ती जागा दुसऱ्या कामाला मागू नका.

बोटीवरचा मरीन व्हीएचएफ सेट काढायचा नाही. चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, ही समुद्रावरची संकटाची हाक आहे आणि आपलं नेटवर्क तिची जागा घेत नाही. तटरक्षक दलाचा १५५४, सागरी सुरक्षेचा १०९३ आणि ११२ हे क्रमांक प्रत्येक टॉवरवर ठळक लिहून ठेवा. लाल झेंडे आणि शिट्टीही राहतील.

खारं पाणी

सेटवर आयपी६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही गोड्या पाण्यात. म्हणून रोज संध्याकाळी झाकणं घट्ट आहेत ना ते पाहून सेट गोड्या पाण्याखाली हलकेच धुवा, माइकच्या जाळीतलं पाणी झटका, आणि वाळल्यावर बॅटरीचे पितळी ठिपके कोरड्या फडक्याने पुसा. हिरवट थर दिसला तर चाकूने खरवडू नका, आमच्याकडे आणा. दुरुस्तीला येणाऱ्या सेटमध्ये सर्वात जास्त बिघाड मिठाचा असतो, आणि तो टाळता येतो.

परवाना

ऑनलाइन मिळणारे स्वस्त सेट घेण्याआधी आम्हाला विचारा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे सेट परवान्याशिवाय वापरता येतात, पण ते या नेटवर्कवर चालत नाहीत आणि डोंगराआड पोचत नाहीत. बाकी बहुतेक फ्रिक्वेन्सींना परवाना लागतो आणि सेटला ईटीए प्रमाणपत्र, म्हणजे त्या प्रकारच्या उपकरणाला सरकारी मान्यता, असावं लागतं. अशा सेटच्या बेकायदा ऑनलाइन विक्रीवर केंद्र सरकारने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणारा सेट पोलिसांच्या किंवा तटरक्षकांच्या बोलण्यात व्यत्यय आणू शकतो, म्हणून या बाबतीत आम्ही कोणालाही सूट देत नाही.

बदल कसा करू

एका दिवसात सगळं बदलणार नाही. नवे सेट जुन्या पद्धतीवरही बोलतात. पहिला पूर्ण हंगाम दोन्ही चालतील, आणि जुनं चॅनल आपत्कालीन गटाला जोडलेलं राहील, म्हणजे ज्यांनी अजून सेट घेतले नाहीत त्यांनाही हाक ऐकू येईल. प्रशिक्षण आम्ही तुमच्याच किनाऱ्यावर येऊन देतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. फक्त त्या दिवशी सगळे जीवरक्षक आणि बोटीचे चालक एकत्र हजर राहतील एवढं पाहा. सेटची यादी, टॉवरच्या जागा आणि बोटींची संख्या पावसाळा सुरू होण्याआधी कळवा. सड्यावरचं काम पहिल्या मोठ्या पावसाच्या आत उरकावं लागतं.