मास्टोसायटोसिसच्या संशोधनात सहभागी व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वाट

अंगावर तपकिरी चट्टे, चोळले की फुगणारे. कारण नसताना पित्त उठणं. गांधीलमाशी चावली आणि थेट चक्कर येऊन पडणं. अशा तक्रारींमागे कधी कधी मास्टोसायटोसिस निघतो, म्हणजे शरीरात मास्ट पेशींची (ऍलर्जीची प्रतिक्रिया घडवणाऱ्या पेशींची) अवाजवी वाढ. आजार दुर्मीळ असल्याने त्याचा अभ्यास मोजक्याच ठिकाणी चालतो. त्यातलं एक मोठं ठिकाण म्हणजे अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथलं एनआयएचचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचं, क्लिनिकल सेंटर हे रुग्णालय. मोठी माणसं आणि मुलं, दोघांवरही तिथे संशोधन झालं आहे.

आधी एक फरक समजून घ्या. काही अभ्यासांत नवीन औषध देतात; काहींत फक्त तपासण्या करून आजार कसा वाढतो ते वर्षानुवर्षं बघतात. दुसऱ्या प्रकारात औषधाची आशा धरून गेलात तर निराशा होईल. प्रत्येक अभ्यासाचे वयाचे आणि आजाराचे निकष वेगळे असतात. म्हणून क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या सरकारी नोंदणीवर आजाराचं नाव टाका आणि सध्या रुग्ण घेतले जात आहेत का, हे पहिल्यांदा पाहा. भरती बंद असलेल्या अभ्यासाची पानंही तिथे तशीच राहतात.

अर्ज म्हणजे छापील फॉर्म नव्हे. सुरुवात होते तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने. तिच्यात निदान, ते कशावरून केलं आणि आतापर्यंतचे उपचार एवढं हवंच. पुढचा निर्णय फाईलवर ठरतो, आणि इथेच बहुतेकांचं घोडं अडतं.

रक्तातल्या ट्रिप्टेजचे, म्हणजे मास्ट पेशींतून बाहेर पडणाऱ्या द्रव्याचे, सगळे रिपोर्ट लावा, तारखेसकट. रक्त ऍलर्जीसारखा झटका आला तेव्हा घेतलं की शांत असताना, हे शेजारी लिहा. शांत असतानाची पातळी मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या वर असणं हा निदानाचा एक निकष आहे, पण झटक्यात ती हा आजार नसलेल्यांचीही चढते. शिवाय काहींच्या घराण्यातच ट्रिप्टेज जास्त असतं, आजार नसतानाही. आईवडील किंवा भावंडांचे आकडे असतील तर तेही जोडा. केआयटी जनुकाच्या डी816व्ही बदलाचा (या आजारात नेहमी शोधला जाणारा दोष) रिपोर्ट असेल तर तपासणी रक्तावर झाली की बोन मॅरोवर, ते दिसलं पाहिजे.

बायोप्सीचा नुसता रिपोर्ट पुरत नाही. मूळ काचेच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) मागितले जाऊ शकतात, कारण तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतः पुन्हा बघतात. लॅबकडून ब्लॉक मिळवायला वेळ लागतो, तेव्हा लॅबकडे त्यासाठीचा अर्ज आजच देऊन टाका. चट्ट्यांचे फोटो, औषधांची यादी, भूल दिल्यानंतर किंवा पेनकिलर घेतल्यावर त्रास झाला असेल तर त्याची नोंद, हेही लागेल.

मुलांचं थोडं निराळं. त्यांच्यात आजार बहुधा कातडीपुरता असतो आणि वयात येईपर्यंत अनेकदा ओसरतो, म्हणून मोठ्यांसारखी बोन मॅरोची तपासणी सरसकट होत नाही. 18 वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची लेखी परवानगी लागते, आणि समजण्याइतकं मोठं असेल तर मुलाची स्वतःची तयारीही विचारली जाते. सही केल्यावरही कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडता येतं. संमतीपत्र लांबलचक असतं. घरी नेऊन वाचा, सुई कितीदा टोचणार ते विचारा.

अभ्यासाशी संबंधित उपचार आणि तपासण्यांचे पैसे क्लिनिकल सेंटर घेत नाही. प्रवासाचं मात्र गृहीत धरू नका. अभ्यासागणिक नियम बदलतात, विशेषतः भारतातून जाणार असाल तर लेखी विचारून घ्या. दुभाषा हवा असेल तर तारीख ठरतानाच सांगा. लहान मुलाबरोबर गेलेल्या कुटुंबांसाठी आवारातच चिल्ड्रन्स इन हे निवासस्थान आहे, तिथे राहण्याचे पैसे पडत नाहीत. आवाराच्या फाटकावर सुरक्षा तपासणी होते, त्यामुळे मोठ्यांनी फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र आणि परदेशातून आलेल्यांनी पासपोर्ट हाताशी ठेवावा.

आणि गावातल्या डॉक्टरांना सोडू नका. बेथेस्डाचे रिपोर्ट शेवटी त्यांच्याकडेच येणार, आणि मध्यरात्री झटका आला तर धावून येणारेही तेच.