तपशील गाळायचा, कड राखायची

निसर्गचित्र करणारे चित्रकार समोरच्या दृश्याकडे डोळे किलकिले करून पाहतात. त्यामुळे झाडाची पाने सुटी दिसेनाशी होतात आणि गडद-फिक्या हिरव्या रंगाचे मोजके पुंजके उरतात. आभाळासमोरची झाडाची कड मात्र ओळखू येते. छायाचित्राला चित्राचे रूप द्यायचे असेल, तर संगणकालाही नेमके हेच जमले पाहिजे.

त्यासाठीची मला सर्वांत सुंदर वाटणारी रीत म्हणजे कुवाहारा फिल्टर. मिचियोशी कुवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९७६ मध्ये मांडला तो मात्र चित्रकलेसाठी नव्हे, तर किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने घेतलेल्या हृदयाच्या प्रतिमा स्वच्छ करण्यासाठी.

पांढऱ्या भिंतीला टेकलेल्या तांब्याच्या हंड्याचे छायाचित्र घेऊ. उजळता ० (काळा) ते २५५ (पांढरा) अशी मोजली, तर भिंतीची २०० आणि हंड्याची ६० मानू. हंड्याला अगदी लागून असलेल्या भिंतीच्या पिक्सेलभोवती ५ × ५ चा चौकोन आखला आणि साधी सरासरी काढून ती त्या पिक्सेलला दिली, तर १४४ हा आकडा येतो. तो ना भिंतीचा, ना हंड्याचा, आणि म्हणूनच कड धूसर होते. कुवाहारा फिल्टर याच चौकोनाचे, मधला पिक्सेल सामाईक ठेवून, ३ × ३ चे चार भाग पाडतो आणि ज्या भागातील पिक्सेलांमध्ये आपसांत सर्वांत कमी फरक आहे, त्याचीच सरासरी स्वीकारतो. येथे तो भाग पूर्णपणे भिंतीवरचा असल्यामुळे उत्तर २०० येते आणि कड शाबूत राहते, तर भिंतीवरचे बारीक डाग मात्र एका सपाट रंगात विरून जातात.

मूळ पद्धतीत चौकोनी ठिपक्यांची नक्षी उमटते, हा तिचा दोष. किप्रियानिडिस, कांग आणि ड्योल्नर या संशोधकांनी २००९ मध्ये चौकोनाऐवजी लंबवर्तुळ घेतले आणि ते प्रतिमेतील रेषांच्या दिशेने ताणले. त्यामुळे केस, गवत, पाण्याच्या लाटा यांवर कुंचल्याचे फटकारे ओढल्यासारखे दिसतात. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे बनवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरच्या ४.० आवृत्तीत दोन्ही प्रकार उपलब्ध आहेत.

२०१५ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेनच्या संशोधकांनी न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्याच्या, साहाय्याने व्हॅन गॉगची शैली छायाचित्रावर चढवली, तो मार्ग वेगळा आणि अधिक गाजलेला. तरीही कोणत्या पिक्सेलला कोणता रंग का मिळाला, हे कागद-पेन्सिलीने पडताळता येते, हे कुवाहारा फिल्टरचे वैशिष्ट्य मला मोलाचे वाटते. व्यक्तिचित्रात मात्र जपावे लागते: चौकोन मोठा घेतला, तर बुबुळावरचा प्रकाशाचा इवलासा ठिपका पुसला जातो, म्हणून डोळ्यांपुरता तो लहान ठेवावा.