माळावरचं वारूळ: वाळवीचं की मुंग्यांचं?

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर मातीचा उंचवटा दिसला की आपण ‘मुंग्यांचं वारूळ’ म्हणून मोकळे होतो. नागपंचमीला हळद-कुंकू वाहतात ते कंबरेएवढं, कंगोऱ्यांचं वारूळ मात्र वाळवीचं. मुंग्यांचा त्यात हात नाही आणि नागाचा तर नाहीच. तो आयत्या बिळावरचा नागोबा. वाळवी झुरळाच्या कुळातली, मुंगी गांधीलमाशीच्या.

ओळखायला हात लावून बघा. वाळवीच्या वारुळाचं ढेकूळ चिमटीत फुटत नाही, कारण खालची चिकणमाती वर आणून लाळेनं लिंपलेली असते. बी वेचणाऱ्या मुंग्यांचं घर म्हणजे एक भोक, भोवती सुट्या मातीचं बुटकं कडं आणि त्याबाहेर कुसळी-पवन्या या गवतांच्या फोलपटांचं रिंगण. कड्याची माती फुंकरीनंही सरकते.

गवताच्या दृष्टीनं खरा फरक पाण्याचा. दोन्ही तोंडं उघडी असलेला डबा ५ सेंमी जमिनीत रोवा, अर्धा लिटर पाणी ओता आणि मुरायला किती वेळ लागतो ते मोजा. वारुळाच्या उतारावर, पायथ्याशी, मुंग्यांच्या कड्याजवळ आणि ५ मीटर लांब, असं चारही ठिकाणी करा. कोरड्या जमिनीत डबा ठोकला तर कडेनं भेगा पडून पाणी निसटतं आणि आकडा फसवा येतो, म्हणून आधी जागा भिजवून घ्या. लिंपलेल्या उतारावरून पाणी पायथ्याकडे धावतं. म्हणून नांदतं वारूळ बोडकं दिसतं आणि गवत असतं ते पायथ्याच्या कडेला. वसाहत मेली, वारूळ ढासळलं, की तीच चिकणमाती मुरमाड माळावर पसरते. तिथं ओल जास्त टिकते. फायदा खरा, पण उशिराचा.

मुंग्यांचा फायदा लगेच मिळतो, फक्त हातभर जागेपुरता. बोगद्यांतून पाणी खाली जातं, फोलपटं आणि मेलेले किडे कुजून नत्र-स्फुरद वाढतं. खाल्ल्याविना राहिलेलं बी तिथंच उगवतं. एरंडाच्या बीला टोकाशी मऊ गाठ असते. मुंग्या तेवढी खातात आणि बी टाकून देतात.

शेतात हिशेब बदलतो. अर्धवट कुजलेलं शेणखत घातलं की वाळवी येते आणि उसाच्या कांड्या पोखरते. खत पूर्ण कुजवूनच टाका. वारुळाचा शेंडा पाडून उपयोग नाही, राणी खाली असते आणि वारूळ पुन्हा उभं राहतं. सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या खोडावर मातीचा लेप दिसला तर वाळवी. मुंग्यांची रांग दिसली तर मुंग्या मारत बसू नका, आधी फांद्यांच्या बेचक्यात आणि फळाच्या टोकाच्या पाकळ्यांत पिठ्या ढेकूण हा पांढरा, रस शोषणारा किडा शोधा. त्याच्या गोड चिकट्यासाठीच त्या वर चढतात.