ऑरेंज सिटीतले ‘ऑरेंज’ नेमके कोणते?

नागपूरला ‘ऑरेंज सिटी’ म्हणताना कुणालाही काही वावगे वाटत नाही, आणि 2014 साली येथील संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हाही नोंद ‘नागपूर ऑरेंज’ याच नावाने झाली. शहरातच असलेल्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या शोधनिबंधांत मात्र हेच फळ ‘नागपूर मँडरिन’ म्हणून येते. कायद्याच्या दप्तरी ऑरेंज आणि शास्त्राच्या दप्तरी मँडरिन अशी ही दुहेरी ओळख आहे. तिच्यामागे केवळ नावांची हौस नसून दोन वेगळ्या प्रजाती आहेत.

इंग्रजीत नुसते ऑरेंज म्हटले की बहुधा ‘सिट्रस सायनेन्सिस’ ही प्रजाती अभिप्रेत असते. तिची साल गराला घट्ट चिकटलेली असते आणि मधला पांढरा थर जाड असतो, त्यामुळे ते फळ कापून खाणे किंवा पिळणेच सोयीचे पडते. आपले संत्रे ‘सिट्रस रेटिक्युलाटा’ या प्रजातीचे. फळ पक्व होत जाते तसा त्याच्या सालीखालचा पांढरा थर विरळ होऊन त्याच्या जाळीदार शिरा उरतात, साल पोकळ होते आणि फोडी सहज सुट्या होतात. रेटिक्युलाटा या लॅटिन शब्दाचा अर्थही जाळीदार असाच आहे. मग सायनेन्सिस आपल्याकडे आहे कुठे? नागपुरातील कळमन्याच्या फळबाजारात ते संत्र्याच्या शेजारीच विकले जाते, कारण भारतीय उद्यानविद्या मोसंबीला याच प्रजातीत धरते. गंमत अशी की या मोसंबीला भारतीय इंग्रजीत ‘स्वीट लाइम’ म्हणतात. म्हणजे ज्याला ऑरेंज म्हणायला हवे त्याला आपण लिंबू ठरवले आणि मँडरिनला ऑरेंज म्हणून मोकळे झालो.

शब्द मात्र आपल्याच बाजूचा आहे. संस्कृतातील ‘नारंग’ फारसी व अरबीच्या वाटेने स्पेनमध्ये ‘नारांजा’ झाला आणि पुढे सुरुवातीचा ‘न’ गळून फ्रेंच व इंग्रजीत ‘ऑरेंज’ उरला. युरोपात अरबांबरोबर प्रथम पोहोचले ते कडू नारिंग. गोड फळाचा प्रसार तेथे पंधराव्या-सोळाव्या शतकांत झाला. इंग्रजीत फळाचे नाव आधी आले आणि रंगाचे नंतर, कारण रंगासाठी हा शब्द सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रुळला. त्यापूर्वी त्या छटेला तांबडा-पिवळा अशा अर्थाच्या जोडशब्दावर भागवावे लागे.

या दोन फळांचे नाते जनुकशास्त्राने अधिक स्पष्ट केले आहे. लिंबूवर्गीय फळांच्या पसाऱ्यात मँडरिन, पपनस आणि महाळुंग हे मूळ पुरुषांपैकी प्रमुख मानले जातात, आणि बाजारातील बरीचशी फळे त्यांच्या संकरांतून आली आहेत. गोड ऑरेंज हा पपनस व मँडरिन यांचा संकर असून त्याच्या हरितलवकांतील, म्हणजे पेशींमधील हिरव्या कणांतील, जनुके पपनसाकडची आहेत; ही जनुके सहसा आईकडूनच येत असल्याने आईचा वंश पपनसाचा ठरतो. जाड साल आणि पांढऱ्या थराचा भरणा हा त्याला मिळालेला आजोळचा वारसा म्हणता येईल. आज लागवडीखाली असलेल्या अनेक मँडरिनांतही पपनसाचा थोडा अंश सापडतो, तेव्हा आपल्या संत्र्याला अगदी निर्भेळ समजण्याचेही कारण नाही. पण मँडरिनचा वाटा त्यात मोठा आहे, एवढे खरे.

नावाचा हा घोळ प्रत्यक्षात रसाच्या बाटलीवर येऊन अडतो. अमेरिकेच्या अन्नविषयक नियमांत ‘ऑरेंज ज्यूस’ म्हणजे मुख्यतः सिट्रस सायनेन्सिसचा रस अशी व्याख्या आहे, आणि पाश्चरीकरण केलेल्या रसात रेटिक्युलाटाचा रस मिसळायचा झाल्यास तो 10 टक्क्यांपर्यंतच चालतो. नागपूर जिल्ह्यातील काटोल-नरखेडच्या बागेतील निव्वळ संत्र्यांचा ताजा रस तेथे ‘ऑरेंज ज्यूस’ या नावाने विकता यायचा नाही.

नियमापेक्षा चिवट अडचण रसायनशास्त्राची आहे. संत्र्याचा रस काढल्या काढल्या गोड लागतो आणि काही तास ठेवला की कडवट होतो, हा अनुभव विदर्भातल्या घरोघरी आहे. पुष्कळदा त्याचा दोष भांड्याला किंवा शिळेपणाला दिला जातो, पण खरे कारण लिमोनिन नावाचे संयुग आहे. अखंड फळाच्या गरात ते जवळजवळ नसतेच. पेशींमध्ये असते त्याचे पूर्वरूप, आणि त्याला कडू चव नसते. फळ पिळताना पेशी फुटतात, हे पूर्वरूप रसातील आम्लाच्या संपर्कात येते आणि हळूहळू लिमोनिनमध्ये बदलू लागते. फळातीलच एक विकर (एन्झाइम) या बदलाला हातभार लावते आणि उष्णता त्याचा वेग वाढवते, म्हणून टिकवण्यासाठी तापवलेला रस लवकर कडू होतो. लिटरमागे सुमारे 6 मिलिग्रॅम एवढे लिमोनिनही जिभेला कळते. हा दोष केवळ मँडरिनचा नाही, नेव्हल या प्रसिद्ध गोड ऑरेंजलाही तो आहे. जगभरच्या रस उद्योगाने व्हॅलेन्शिया या वाणाला पसंती दिली त्यात त्याच्या रसाचा कडवटपणा कमी असणे हेही एक कारण आहे.

फळ झाडावर पूर्ण पिकत गेले की त्यातील पूर्वरूपाचे प्रमाण घटते, त्यामुळे घाईने तोडलेल्या फळाचा रस अधिक कडू होतो. कलमाचा खुंट, म्हणजे ज्या रोपावर कलम करतात तो मुळांकडचा भाग, हाही येथे महत्त्वाचा आहे. आपल्याकडे संत्र्याचा डोळा बहुधा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात, आणि नेव्हलवर झालेल्या अभ्यासांत जंबेरी खुंटावरील फळांचा रस इतर काही खुंटांवरील फळांपेक्षा जास्त कडू आढळला आहे. कारखान्यात रस विशिष्ट राळेच्या सूक्ष्म मण्यांमधून गाळला की लिमोनिन त्या मण्यांना चिकटून राहते आणि रस गोडसर उरतो, मात्र या यंत्रणेचा खर्च छोट्या प्रक्रियादाराला जड जातो. घरी एवढे काही लागत नाही. लिमोनिनचा साठा बियांत भरपूर असतो आणि पांढऱ्या शिरांतही त्याचे पूर्वरूप असते, म्हणून मिक्सरमध्ये बियांसकट फोडी फिरवण्याऐवजी बिया व शिरा काढून रस हलक्या हाताने पिळावा आणि लगेच प्यावा. उरलाच तर थंड जागी ठेवल्याने कडू होण्याची गती मंदावते, थांबत नाही.