पान तोडल्यापासून सुरू होणारी शर्यत

पिकाला पाण्याचा ताण बसला की पानांमध्ये ॲब्सिसिक आम्ल वाढतं आणि पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटू लागतात. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. पण ‘वाढतं म्हणजे नेमकं किती?’ असं विचारलं की खरी अडचण समोर येते. मोजायचं तर पान तोडावं लागतं. तोडलेल्या पानाचा पाणीपुरवठा बंद होतो, ते कोमेजू लागतं आणि कोमेजणाऱ्या पानात पुन्हा हेच आम्ल तयार होतं. गव्हाची पानं तोडून कोमेजू दिली, तर काही तासांत त्यांतलं ॲब्सिसिक आम्ल अनेक पटींनी वाढतं, हे १९६९ मध्येच दिसून आलं होतं. जॅस्मोनिक आम्लाची घाई तर याहून मोठी. जखम झाल्याची खबर देणारा हा रेणू काही मिनिटांतच उसळी घेतो आणि पान तोडणं हीसुद्धा झाडाच्या लेखी जखमच असते.

आपल्याकडे शेतकरी या रेणूंना, म्हणजे वनस्पतींच्या संप्रेरकांना (हार्मोन्सना), संजीवकं म्हणतात. नाशिकचा द्राक्ष बागायतदार घड ‘जीए’च्या द्रावणात बुडवतो, ते जिबरेलिक आम्ल अशाच संजीवकांपैकी एक. ते किती घ्यायचं हे तो पीपीएममध्ये मोजतो, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. झाड स्वतः बनवतं ते प्रमाण मात्र बहुतेक वेळा याच्याही खूप खाली असतं. एक ग्रॅम पानात काही नॅनोग्रॅम किंवा काही शे नॅनोग्रॅम, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. सोबतीला त्याच पानात हरितद्रव्य, साखरा, मेदद्रव्यं आणि फिनॉल वर्गातली संयुगं लाखो पटींनी जास्त असतात.

म्हणूनच या रेणूंचा शोध लागला त्या काळातले आकडे वाचताना मला आजही त्या माणसांच्या चिकाटीचं अप्रूप वाटतं. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी कपाशीची कोवळी बोंडं गोळा केली. २२५ किलो मालातून त्यांना ॲब्सिसिक आम्लाचे शुद्ध स्फटिक मिळाले ते अवघे ९ मिलिग्रॅम. १९७९ मध्ये अमेरिकेतच ब्रासिनोलाइड हे संजीवक ओळखलं गेलं. त्यासाठी मधमाश्यांनी मोहरीच्या कुळातल्या रेप या पिकावरून आणलेले २२७ किलो परागकण लागले आणि हाती आलं ४ मिलिग्रॅम.

या शोधांच्या कितीतरी आधी मोजणी सुरू झाली होती, आणि मोजण्याचं यंत्र होतं झाडच. १९२६ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथे फ्रिट्स वेंट या तरुण संशोधकानं ओटच्या कोंबांवर काम केलं. गवताच्या कुळातल्या धान्यांचा कोंब जमिनीतून वर येतो तेव्हा त्याच्याभोवती नळीसारखं बंद आवरण असतं. वेंटनं त्या आवरणांची टोकं कापली आणि अगारच्या, म्हणजे समुद्री शेवाळापासून बनवलेल्या जेलीच्या पातळ थरावर ठेवली. टोकांतला वाढीचा पदार्थ जेलीत उतरला. मग त्या जेलीचा छोटा ठोकळा टोक कापलेल्या दुसऱ्या कोंबावर मुद्दाम एका बाजूला सरकवून ठेवला. त्या बाजूची वाढ जोरात झाली आणि कोंब दुसऱ्या बाजूला वाकला. पदार्थ जितका जास्त तितका बाक जास्त, अर्थात एका मर्यादेपर्यंत. उजेडानंही कोंब वाकतो, म्हणून हे सगळं काम अंधाऱ्या खोलीत, मंद तांबड्या प्रकाशात चाले. कोंबांच्या सावल्यांचे फोटो घेऊन कोनमापकानं अंश मोजले जात. ज्या पदार्थाचं रासायनिक रूप कुणालाच माहीत नव्हतं, त्याचं प्रमाण असं कोनाच्या अंशांत मोजलं गेलं. तो पदार्थ म्हणजे ऑक्झिन.

पुढे प्रत्येक संजीवकासाठी असा एकेक जिवंत मापक सापडत गेला. बार्लीचा गर्भ कापून टाकलेला अर्धा दाणा जिबरेलिन मिळालं की स्टार्च फोडणारं विकर (एन्झाइम) सोडतो, तंबाखूच्या खोडातल्या भेंडाच्या पेशी सायटोकायनिन मिळालं की भराभर विभागतात. या पद्धतींची संवेदनशीलता विलक्षण होती. दुबळेपणा असा की रोप अर्कातल्या सगळ्याच पदार्थांना एकत्रित उत्तर देतं. अर्कात वाढ रोखणारं काही असलं तर संजीवक भरपूर असूनही आकडा कमी येतो, आणि हे कळायला मार्ग नसतो.

आजच्या पद्धतीची सुरुवात द्रव नायट्रोजननं होते. गावातले पशुवैद्यक कृत्रिम रेतनासाठी ज्या जाड भिंतीच्या कॅनमध्ये तो ठेवतात, तसाच कॅन शेतापर्यंत न्यायचा, पान तोडायचं आणि काही सेकंदांत उणे १९६ अंश सेल्सिअसमध्ये बुडवायचं. विकरं जागच्या जागी थिजतात. मग आधीच थंड करून ठेवलेल्या चिनीमातीच्या खलात पान कुटून पिठासारखं बारीक करायचं. कुटताना नायट्रोजन पुन्हा पुन्हा ओतावा लागतो, कारण ती पूड वितळली की थिजलेली विकरं परत कामाला लागतात. पूड गोठलेली असतानाच तिच्यावर उणे २० अंशांवरचं मिथेनॉल, पाणी आणि फॉर्मिक आम्ल यांचं मिश्रण ओततात. १५:४:१ हे त्याचं एक रुळलेलं प्रमाण आहे. संजीवकं द्रावणात उतरतात आणि विकरं कायमची निकामी होतात.

यानंतर गाळणं आणि स्वच्छ करणं आलं. प्रत्येक पायरीला थोडं संजीवक वाया जातं. एका नमुन्यात तिसरा हिस्सा जाईल, दुसऱ्यात निम्मा. मग शेवटी उरलेल्यावरून सुरुवातीला किती होतं हे कसं सांगायचं? याचं उत्तर मला या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत सुंदर वाटतं.

समजा, एका पोत्यात ज्वारीचे किती दाणे आहेत ते मोजायचं आहे, पण पोतं फाटकं आहे आणि वाटेत सांडणार हे नक्की. निघण्यापूर्वीच त्यात मोजून १००० रंगवलेले दाणे टाका आणि नीट मिसळा. मुक्कामाला पोचल्यावर मूठभर दाणे काढून पाहा. एका रंगीत दाण्यामागे पन्नास साधे निघाले, तर सुरुवातीला साधे दाणे ५० हजारांच्या आसपास होते. वाटेत किती सांडले याची फिकीर नाही, कारण रंगीत आणि साधे सारख्याच प्रमाणात सांडतात.

प्रयोगशाळेतला रंगीत दाणा म्हणजे त्याच संजीवकाचा जड जुळा भाऊ. ॲब्सिसिक आम्लाच्या रेणूतल्या सहा हायड्रोजन अणूंच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन बसवलेला असतो. वागणूक जवळजवळ तीच, वजन मात्र सहा एककांनी जास्त. अर्क काढायला घेतानाच तो ठरावीक मापानं घालतात. शेवटी अर्क एका बारीक नळीतून दाबानं जातो, तिथे घटक वेगळे होतात आणि वस्तुमान वर्णपटमापकात, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात (मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये), शिरतात. हे यंत्र आधी २६३ वस्तुमानाचे विद्युतभारित रेणू निवडतं, वायूशी टक्कर देऊन ते फोडतं आणि १५३ वस्तुमानाचा तुकडा निघाला तरच मोजतं. जड भावासाठी हेच आकडे २६९ आणि १५९. पूर्ण रेणूचं वजन, तुकड्याचं वजन आणि नळीतून बाहेर पडण्याची वेळ या तिन्ही खुणा जुळल्या की चूक व्हायला फार कमी जागा उरते. १०० मिलिग्रॅम पानात १० नॅनोग्रॅम जड रेणू घातले आणि साध्या रेणूंचा संकेत त्यांच्या अडीचपट आला, तर पानात २५ नॅनोग्रॅम होतं, म्हणजे ग्रॅमला २५०.

अनेक प्रयोगशाळा प्रतिपिंडांवर, म्हणजे ठरावीक रेणूला ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनांवर, आधारलेली एलायझा चाचणीही वापरतात. ती स्वस्त आहे, एका प्लेटमध्ये डझनावारी नमुने बसतात. पण प्रतिपिंड मिळत्याजुळत्या रेणूलाही धरून बसतं, त्यामुळे नुसत्या एलायझाच्या आकड्यावर मी मोठा निष्कर्ष उभारणार नाही. फळं पिकवणाऱ्या इथिलीन या संजीवकाचा मामला निराळा. तो वायू असल्यामुळे फळ बंद बरणीत ठेवून वरची हवा सिरिंजनं काढली आणि वायू वर्णलेखक (गॅस क्रोमॅटोग्राफ) यंत्रात सोडली की भागतं. फळ कापावंही लागत नाही.

जड भावालाही एक गोष्ट सांगता येत नाही. त्याला अर्कात घातल्यानंतरचं सगळं ठाऊक असतं, त्याआधीचं काहीच नाही. पान खिशात अर्धा तास राहिलं असेल, तर यंत्र त्या अर्ध्या तासात तयार झालेलं आम्लही तितक्याच अचूकपणे मोजून देईल. म्हणून असा शोधनिबंध हाती आला की मी आलेख पाहण्याआधी नमुने कधी आणि कसे गोठवले ते वाचतो. पान दिवसाच्या कोणत्या वेळी तोडलं, कोवळं होतं की जून, हेही पाहतो.

दुसरी मर्यादा सरासरीची. अख्खं मूळ कुटलं की टोकाच्या पेशी आणि वरच्या पेशी एकाच पुडीत जातात. स्वीडनमधल्या उमेआ इथल्या गटानं २००९ मध्ये अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाच्या मुळातल्या पेशी प्रकारांनुसार वेगळ्या केल्या आणि प्रत्येक प्रकारातलं ऑक्झिन मोजलं. पण पेशी सुट्या करायच्या तर त्यांच्या भिंती विकरांनी विरघळवाव्या लागतात, त्यात वेळ जातो आणि पेशी तोवर जिवंत असतात. मूळ प्रश्न तिथेही पाठ सोडत नाही.

२०२१ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन आणि बायरॉइट इथल्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. ई. कोलाय जिवाणूत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल ओळखणारं एक प्रथिन असतं. त्यांनी ते बदलत नेऊन ऑक्झिन ओळखायला लावलं आणि त्याला दोन चमकणारी प्रथिनं जोडली. ऑक्झिन चिकटलं की दोघांमधली ऊर्जेची देवघेव बदलते आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा रंग सरकतो. हे प्रथिन बनवणारं रोप आडवं केलं की मुळाच्या खालच्या बाजूला ऑक्झिन गोळा होताना काही मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. तोडणं नाही की कुटणं नाही. हा संवेदक स्वतः थोडं ऑक्झिन धरून ठेवतो, आणि त्याच्याकडून मिळतं ते दोन रंगांचं गुणोत्तर. नॅनोग्रॅममध्ये आकडा हवा असेल तर अजूनही मूळ कापून द्रव नायट्रोजनमध्येच टाकावं लागतं.