थरजोड लाकडी धनुष्य

लाकडाच्या किंवा बांबूच्या दोन वा अधिक पातळ पट्ट्या एकमेकींवर सरसाने चिकटवून आणि साच्यात हवा तो बाक देऊन घडवलेले धनुष्य. एकाच लाकडातून काढलेल्या धनुष्याला एकसंध धनुष्य म्हणतात. भिल्ल आणि कोरकू लोकांचा बांबूचा कामठा त्याच जातीचा. शिंग, लाकूड आणि जनावरांच्या स्नायूंचे तंतू यांपासून केलेले आशियाई संयुक्त धनुष्य ही तिसरी जात. विष्णूच्या धनुष्याचे ‘शार्ङ्ग’ हे नाव ‘शृंग’ म्हणजे शिंग या शब्दावरूनच आले, आणि अभंगांतला शारंगपाणी तेच हाती धरून उभा असतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या प्रकरणात धनुष्याची चार द्रव्ये दिली आहेत : ताड, चाप नावाचा बांबू, लाकूड आणि शिंग. थरजोड धनुष्यात शिंगही नसते आणि स्नायूही नसतात. त्याचे सगळे बळ लाकडाच्या निवडीत, सरसात आणि कारागिराच्या धीरात असते.

थर कशासाठी?

धनुष्य ओढले की त्याची पाठ, म्हणजे तिरंदाजापासून दूरची बाजू, ताणली जाते. पोट, म्हणजे तिरंदाजाकडची बाजू, दाबली जाते. जाडीच्या मध्यावर एक पातळी अशी असते की तिथे ताणही नसतो आणि दाबही नसतो. पण वरचा आणि खालचा भाग एकमेकांवरून सरकू पाहतात ते नेमके तिथेच. ताण उत्तम सोसणारे लाकूड दाबही तितकाच सोसेल असे नाही. हिकरी हे उत्तर अमेरिकेतले लाकूड ताणाला विलक्षण चिवट आहे, तर दक्षिण अमेरिकेतले इपे दाबाला दगडासारखे उभे राहते. या दोघांना एकत्र आणायचे, पाठीला एक द्यायचे आणि पोटाला दुसरे, हा थर जोडण्यामागचा मूळ विचार.

निसर्गाने हे काम एका झाडात आधीच करून ठेवले आहे. यू या झाडाचे बाहेरचे पांढरे लाकूड ताण चांगला घेते आणि आतले तांबूस गाभ्याचे लाकूड दाब घेते. इंग्रजी लांब धनुष्य या दोन रंगांच्या सीमेवरच कापले जाई. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या जहाजावर अशी शंभराहून अधिक धनुष्ये सापडली. जिथे यू उगवत नाही त्या उत्तर युरोपात सामी आणि फिनी लोकांनी दुसरी वाट काढली. कलून वाढलेल्या पाइनच्या खालच्या बाजूला जे घट्ट, जड लाकूड साठते ते त्यांनी पोटाला घेतले, पाठीला भूर्ज लावला आणि दोन्ही माशाच्या कातड्यापासून केलेल्या सरसाने जोडले. थरजोड धनुष्याचा इतका साधा आणि इतका हुशार नमुना दुसरा दाखवणे कठीण.

जपानी युमी

या कलेने सर्वांत उंच शिखर गाठले ते जपानमध्ये. तिथले युमी हे धनुष्य साधारण २२१ सेंमी. लांबीचे, म्हणजे माणसाहून बरेच उंच असते, आणि त्याची मूठ मध्यावर नसून खालून सुमारे एक तृतीयांश अंतरावर असते. सुरुवातीला नुसते लाकूड होते. पुढे पाठीला बांबू लागला, मग पोटालाही, मग बाजूंना. शेवटी गाभ्यातच उभ्या बांबूच्या काड्या शेजारी शेजारी बसवण्याची रीत आली. आजच्या पारंपरिक युमीत पाठीला आणि पोटाला बांबू असतो, गाभ्यात भाजून टणक केलेल्या बांबूच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या दोन्ही कडांना हाझे या झाडाचे लाकूड असते. बांबू थंडीत तोडतात, कारण तेव्हा त्यात रस आणि साखर कमी असते आणि कीड सहसा धरत नाही.

सरस लावलेल्या पट्ट्यांना दोर गुंडाळतात आणि त्या दोराखाली बांबूच्या पाचरी एकेक करून ठोकतात. पाचरी शंभरच्या घरात जातात. प्रत्येक पाचर त्या जागी दाब देते आणि बाकही घडवते, म्हणून वेगळा साचा लागत नाही. सरस घट्ट होण्याआधी हे सगळे उरकावे लागते. क्यूशू बेटावरचे मियाकोनोजो हे शहर या कामाचे मोठे केंद्र आहे. निबे नावाच्या पारंपरिक सरसाचे युमी उष्णतेला आणि दमटपणाला नाजूक असते. त्याला विश्रांती द्यावी लागते, तरीही जुने धनुर्धर त्यालाच पसंती देतात.

लाकूड आणि सरस

हाताने बनवायच्या साध्या तीन थरांच्या धनुष्याला पाठीसाठी हिकरी किंवा बांबू, गाभ्यासाठी मेपलसारखे हलके लाकूड आणि पोटासाठी ओसेज, इपे किंवा यू घेतात. ओसेज या उत्तर अमेरिकेतल्या झाडाला फ्रेंच वसाहतवाल्यांनी दिलेले नाव ‘बोआ दार्क’, म्हणजेच धनुष्याचे लाकूड. आपल्या घाटांतली धामणही अशीच गुणवान. तिच्या लवचिक लाकडाची अवजारांची दांडकी आणि ओझ्याच्या काठ्या होतात. संस्कृतात तिला ‘धन्वन’ म्हणतात, आणि धनुष्याशी या नावाचे नाते उघड आहे.

पाठीच्या पट्टीत शिरा टोकापासून टोकापर्यंत अखंड गेलेल्या हव्यात. मध्येच कडेला पळालेली शीर म्हणजे तिथून निघणारी ढलपी. बांबू असेल तर त्याची बाहेरची साल खरवडायची नाही, कारण सर्वांत बळकट तंतू सालीलगतच असतात. रंधा फक्त आतल्या बाजूने चालवायचा आणि कडा दीडेक मिमी. उरेपर्यंत पट्टी सपाट करायची. इथे एक सूक्ष्म धोका आहे. बांबू ताणाला इतका जबर असतो की पोटाचे लाकूड कमकुवत असेल तर तो त्याला चिरडून टाकतो आणि पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या उमटतात. त्या दिसल्या की ते धनुष्य फार दिवसांचे नसते. म्हणून पाठीचा थर जाड असला की धनुष्य मजबूत, हा नवशिक्याचा समज चुकीचा आहे.

सरस पूर्वी जनावरांच्या कातड्याचा किंवा माशाचा असे. आता बहुतेक जण सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा कृत्रिम गोंद, वापरतात. फर्निचरचा साधा पांढरा पीव्हीए गोंद सतत ताणाखाली हळूहळू सरकतो, म्हणून तो इथे नको. इपे, सागवान यांसारखी तेलकट लाकडे चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसावी लागतात. पृष्ठभाग गुळगुळीत आरशासारखा नव्हे, तर जाड पॉलिशपेपरने किंचित खरखरीत केलेला हवा. इपॉक्सी लावल्यावर शिकंजे मरणाचे आवळू नयेत. सगळे इपॉक्सी बाहेर पिळले गेले तर सांधा उपाशी राहतो.

साचा आणि उलटा बाक

साचा म्हणजे हव्या त्या बाकात कापलेली जाड फळी. पट्ट्या तिच्यावर ठेवून दर दोन-तीन इंचांवर शिकंजा लावतात, किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून त्या ताणून गुंडाळतात. ट्यूबचा दाब सगळीकडे सारखा पडतो आणि हा उपाय खरोखर नामी आहे. बाक बहुधा उलटा देतात, म्हणजे दोरी न चढवलेल्या धनुष्याची टोके तिरंदाजापासून दूर वळलेली असतात. त्यामुळे दोरी चढवतानाच त्यात ताण साठतो आणि ओढीच्या पहिल्या इंचांपासून जोर मिळतो.

साच्यातून काढल्यावर थोडा बाक परत जातो. किती, हे थरांच्या संख्येवरून बऱ्यापैकी सांगता येते. एकाच जातीच्या, सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या असतील तर सुमारे एक चतुर्थांश, तीन असतील तर एक नवमांश, चार असतील तर एक षोडशांश. म्हणजे थर जितके जास्त आणि पातळ, तितका साच्याचा आकार धनुष्यात टिकतो. अनेक पातळ थर जोडण्यामागे हेही एक कारण आहे.

बाक साधणे

चिकटवणे एका दुपारचे काम आहे, पण त्यातून हाती येते ती काठी. तिचे धनुष्य होते ते यानंतर. बाहूचा, म्हणजे मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या भागाचा, ताठरपणा रुंदीच्या सम प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. १२ मिमी. जाडीच्या बाहूंवरून सगळीकडे अर्धा मिमी. काढला तर ४० पौंडांचे, म्हणजे पूर्ण ओढायला तितका जोर लागणारे, धनुष्य ३५ पौंडांच्या आसपास येते. धनुष्याचे वजन म्हणतात ते यालाच. अर्धा मिमी. म्हणजे रंध्याचे थोडेच हात. म्हणून शेवटी रंधा बाजूला ठेवून काचेच्या किंवा पोलादाच्या पातळ पात्याने खरवडायचे असते, आणि तेही फक्त पोटाकडून. पाठीला हात लावायचा नाही.

धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला आडवे टेकवतात, दोरी कप्पीवरून खाली आणून वजनकाट्याला अडकवतात आणि दूर उभे राहून बाहूंकडे पाहतात. जिथे बाहू सरळ राहतो तिथे लाकूड जास्त आहे. जिथे तो बिजागरीसारखा मोडतो तिथे कमी आहे. मग त्या जागेला हात न लावता तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढायचे. प्रत्येक वेळी थोडे खरवडून वीस-तीस वेळा हलके ओढायचे, कारण लाकडाला नवा आकार समजायला तेवढा वेळ लागतो. इथे दोन नेम पाळतात. ठरवलेल्या वजनापलीकडे कधीही ओढायचे नाही, आणि बाक समान होईपर्यंत ओढ वाढवायची नाही. २८ इंचांच्या ओढीसाठी साधारण ६६ ते ७० इंचांचे धनुष्य घेतात. त्याहून आखूड काठीला क्षमा नाही.

बोटे बाणाच्या वर-खाली धरून ओढणाऱ्यांसाठी खालचा बाहू वरच्यापेक्षा किंचित ताठ ठेवतात. दोरी आणि बाहू यांच्यातले अंतर दोन्हीकडे मोजले तर वर ते ३ ते ६ मिमी. जास्त भरते.

जपणूक

लाकूड हवेतला ओलावा पीत राहते. ८ ते १० टक्के ओलाव्यावर उत्तम चालणारे धनुष्य कोकणातल्या पावसाळ्यात मऊ पडते, त्याचे वजन उतरते आणि दोरीकडे कायमचा वाक धरते. तेलाचे किंवा वॉर्निशचे हात ओलावा मंदावतात, थांबवत नाहीत. नेमबाजी संपली की दोरी उतरवून धनुष्य आडवे, दोन खुंट्यांवर ठेवतात. कोपऱ्यात उभे केले तर खालच्या बाहूवर भार येतो. बाण न लावता ओढलेली दोरी सोडली तर बाणात जायची सगळी ऊर्जा बाहूंत परत आदळते, आणि थरांचा सांधा उकलण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत धनुष्य ठेवू नये, कारण तिथल्या उष्णतेत सामान्य तापमानाला घट्ट झालेले इपॉक्सी मऊ पडू लागते.