हिऱ्याचा कट आणि मोल

कच्च्या हिऱ्याला कापून, घासून, पैलू पाडून जी घडण दिली जाते तिला व्यवहारात कट म्हणतात. रंग व स्वच्छता निसर्गाने ठरवलेली असते. कट कारागिराच्या हातचा. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत हिरा भेटतो तो बहुधा सात खड्यांच्या कुड्यांत, आणि शहापूरच्या सराफ गल्लीत असो की कोल्हापूरच्या गुजरीत, बोलणी सुरू होतात ती कॅरटवरून. तेज मात्र वजनावर ठरत नाही.

हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकवतो त्याचे माप, २.४२ आहे. त्यामुळे आत शिरलेला किरण पैलूच्या लंबाशी सुमारे २४.४ अंशांहून मोठा कोन करून आदळला, तर बाहेर न निसटता आतच उलटतो. बुडाचा कल नेमका असेल तर तो दोनदा उलटून माथ्यातून डोळ्यांकडे येतो आणि येताना सप्तरंगांत फुटतो. बूड उथळ राहिले तर टेबलातून, म्हणजे माथ्यावरच्या मोठ्या सपाट पैलूतून, हिऱ्याच्या कडेचे करडे वर्तुळ दिसते. फार खोल झाले तर मध्यभाग काळवंडतो. हिरे घडवणाऱ्या घराण्यातले अभियंते मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये गोल ब्रिलियंट, म्हणजे अनेक पैलूंच्या व निमुळत्या बुडाच्या गोल हिऱ्यासाठी बुडाचा कोन ४०.७५ अंश, माथ्याचा ३४.५ अंश आणि टेबल व्यासाच्या ५३ टक्के असे गणित मांडले. आज तेच एकमेव उत्तर मानत नाहीत. माथा थोडा उभा असेल तर बूड थोडे उथळ चालते.

कारागिराची ओढ मात्र वजनाकडे. गोल हिरा काढताना कच्च्या खड्याचे निम्म्याच्या आसपास वजन जाते, म्हणून कंबर, म्हणजे माथा व बूड यांच्यामधली कड, जाड आणि बूड खोल ठेवून १ कॅरट, म्हणजे ०.२ ग्रॅमचा आकडा गाठला जातो. नीट घडवलेला १ कॅरटचा गोल हिरा सुमारे ६.५ मिमी व्यासाचा भरतो. खोल घडवलेला त्याहून लहान दिसतो, आणि गिऱ्हाईक न दिसणाऱ्या वजनाचे पैसे मोजते. जीआयए ही हिरे तपासणारी अमेरिकी संस्था २००६ पासून गोल ब्रिलियंटला एक्सलंट ते पुअर अशा पाच श्रेणी देते. बाकी सारे गुण सारखे असले तरी या श्रेणीने भाव बदलतो.

जुन्या कुड्यांना हे माप सरळ लागू होत नाही. त्यांतल्या रोझ कट, म्हणजे वर पैलू व सपाट बूड अशा जुन्या घडणीच्या, खड्यातून प्रकाश खाली निसटतो. तो परतवायला बंद कोंदणात खड्याखाली चकचकीत पत्रा घालत. ओल शिरून पत्रा काळा पडला की चांगला खडाही मेलेला दिसतो. मोडीत काढण्याआधी हे तपासून घ्यावे. कोन मोजायचे तर खडा उकलावा लागतो, आणि आजीच्या कुड्या उकलायला घरात सहसा कोणी राजी नसते. नव्याने पैलू पाडले तर तेज वाढते, पण वजन घटते. शिवाय सातही खडे जुळवलेले असल्याने एक लहान झाला की कुडीचा मेळ बिघडतो. अशा वेळी पत्रा बदलणेच सोयीचे पडते.